नवीन सुरुवातीसाठी १ जानेवारीच कशाला? चर्चचं कॅलेंडर वापरून बघा

जानेवारीतले संकल्प संक्रांतीपर्यंत टिकले तरी खूप झालं. ३१ डिसेंबरला रात्रभर जागायचं आणि दुसऱ्या दिवशी एकदम नवा माणूस व्हायचं, हे कसं जमणार? चर्चच्या कॅलेंडरमध्ये असं नाहीये, तिथे सणाच्या आधी तयारीचा काळ असतो आणि सणानंतर तो सण जगायचाही काळ असतो. हे नंतरचं आपण जवळपास सगळेच विसरतो, म्हणून हे लिहितोय.

आधी तारखा काढा. तुमच्या धर्मग्रामाचं (म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चचं) कॅलेंडर घरात टांगलेलं असेलच, नसेल तर चर्चच्या ऑफिसात मिळेल. चर्चचं वर्ष सुरू होतं आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला येतो. नाताळ पक्का २५ डिसेंबरला पण ईस्टर हलतो, २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा झाली की पुढचा रविवार (चर्चची पौर्णिमा काढायची स्वतःची पद्धत आहे, त्यामुळे पंचांगाशी कधी एखादा दिवस इकडेतिकडे होतो). २०२७ चा राखेचा बुधवार (ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) १० फेब्रुवारी, ईस्टर २८ मार्च, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) १६ मे. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून टाका. मागच्या वर्षीच्या तारखा कॉपी करू नका, चुकतील.

आता आगमनकाळ. या चार आठवड्यांत काहीही मोठं सुरू करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. हा वाट बघायचा काळ आहे, आणि आपल्याकडे नेमकं तेव्हाच करंज्या, गोठा (येशूजन्माचा देखावा), कंदील, कपडे, सगळी धावपळ असते. घरात चार मेणबत्त्या ठेवा, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, दर रविवारी एक जास्त लावायची, गुलाबी तिसऱ्या रविवारी. दर रविवारी मेणबत्ती पेटवल्यावर पाच मिनिटं मोबाईल लांब ठेवून बसा आणि एकच प्रश्न स्वतःला विचारा, गेल्या वर्षातलं काय मला पुढे न्यायचं नाहीये? उत्तर वहीत लिहा. बस, एवढंच. चार रविवारात चार उत्तरं येतील, कदाचित चारही वेळा एकच येईल आणि मग तर कामच सोपं झालं.

ती वही परत उघडायची राखेच्या बुधवारी. या दिवशी कपाळावर राख लावतात, आणि मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) झावळ्या जाळून ती राख करतात, म्हणजे जी झावळी मिरवली तीच कपाळावर येते. तिथून ईस्टरपर्यंत ४६ दिवस होतात, पण रविवार उपवासात धरत नाहीत म्हणून ४०. हे लक्षात ठेवा, कारण दर आठवड्याला एक सुट्टी आहे आणि ती घ्यायची, उगाच हुतात्मा व्हायला जाऊ नका. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म हे तीन एकत्र धरायचे असतात, आपण मात्र मटण-मासे सोडले की झालं समजतो. समजा तुम्ही बाहेरचं खाणं सोडलं, तर ते वाचलेले पैसे एका डब्यात टाका आणि ईस्टरच्या आधी कुणाला तरी देऊन टाका. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला फोन करणं हेही उपवासकाळात बसतं, आणि खरं सांगायचं तर मटण सोडण्यापेक्षा ते जास्त अवघड आहे. पाप निवेदनाला (फादरांपुढे आपली पापं कबूल करायला) पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, लांब रांगा लागतात, आधीच्या आठवड्यातच जाऊन या, फादरांनाही निवांत बोलता येतं.

ईस्टरच्या आदल्या रात्रीचा विधी चुकवू नका. लांबतो, मुलं झोपून जातात, चालतं. अंधारात नवा अग्नी पेटवतात, पास्काच्या (ईस्टरच्या मोठ्या) मेणबत्तीवर चालू वर्षाचे आकडे असतात, आणि नंतर आपण सगळे बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा घेतो. नवीन सुरुवातीचा दिवस म्हणून वहीत एकच तारीख लिहायची असेल तर ही लिहा.

आणि आता तो विसरलेला भाग. उपवास ४० दिवसांचा पण ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत ५० दिवसांचा! आपण रविवारी दुपारी जेवून मोकळे होतो आणि सोमवारपासून सगळं जुनं परत चालू. तसं न करता, उपवासकाळात जी जागा रिकामी झाली तिथे या ५० दिवसांत काहीतरी आनंदाचं बसवा. रोज रात्री रील बघणं सोडलं होतं ना, मग त्या वेळात मुलाला गोष्ट वाचून दाखवा, आईबाबांना फोन करा, गायनमंडळात नाव द्या. सोडायला ४० आणि धरायला ५०, मला तरी हा हिशोब फार शहाणपणाचा वाटतो.

पेंटेकॉस्टनंतर फादरांच्या झग्याचा हिरवा रंग, म्हणजे सामान्य काळ, थेट नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत. नवीन काही घ्यायचं नाही, धरलेलं चालू ठेवायचं, पावसाळ्यात खंड पडला तर पुढच्या रविवारपासून परत धरायचं. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरस्तानात जाल तेव्हा वही सोबत न्या, कारण तिथून आगमनकाळ काही आठवड्यांवरच असतो आणि पहिल्या मेणबत्तीच्या आधी एकदा जुनी पानं वाचलेली बरी.

ज्यांच्या मंडळीत फक्त नाताळ आणि ईस्टरच करतात त्यांनीही हे घरी करायला हरकत नाही, मेणबत्त्या आणि वही एवढंच तर लागतं.