मॉर्गन डॉलरचे दुर्मीळ प्रकार ओळखताना या चुका टाळा

अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर म्हटला की संग्राहकाच्या डोळ्यांपुढे बहुधा मॉर्गन डॉलरच येतो: पुढे लिबर्टीचे म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचे मुख, मागे पंख पसरलेला गरुड. १८७८ ते १९०४ आणि नंतर पुन्हा १९२१ मध्ये ही नाणी पाडली गेली. सुरुवातीच्या त्या काळात साल आणि टांकसाळीचे अक्षर प्रत्येक ठशावर, म्हणजे नाणे ज्याने पाडतात त्या साच्यावर, स्वतंत्रपणे ठोकले जात असल्याने एकाच वर्षाच्या, एकाच टांकसाळीच्या नाण्यांतही बारीक फरक राहिले. व्हॅन अ‍ॅलन आणि मॅलिस या दोन अभ्यासकांनी ते फरक क्रमांक देऊन नोंदवले आणि त्यांच्या नावांवरूनच अशा प्रकारांना ‘व्हॅम’ म्हटले जाते. या नाण्यांबाबत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. फरक ठशातच होता की ठशाबाहेर, नाणे पाडताना किंवा पाडल्यानंतर निर्माण झाला, हे न तपासताच लोक किंमत शोधू लागतात.

सर्वांत जास्त फसवते ती दुहेरी छाप. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतील १८८८ च्या डॉलरमध्ये ‘हॉट लिप्स’ नावाचा प्रसिद्ध प्रकार आहे. त्यात लिबर्टीचे ओठ, नाक आणि हनुवटी दोनदा उमटलेली दिसतात, कारण ठसा तयार होतानाच त्यावर चित्र किंचित सरकून दुसऱ्यांदा बसले होते. अशा खऱ्या दुहेरी छापेत दोन्ही रेषा गोलाईदार व उठावाच्या असतात. याउलट, यंत्रात ठसा सैल राहिला तर आघाताच्या क्षणी तो घसरतो आणि अक्षराच्या कडेला सपाट, चकचकीत पायरी तयार होते. अशा वेळी अक्षर रुंद न होता उलट बारीक होते. या दुसऱ्या दोषाची नाणी चिक्कार सापडतात आणि त्यांना वेगळा भाव मिळत नाही. भेगांचेही तसेच आहे. ठशाला तडा गेला की त्यात धातू भरतो, म्हणून नाण्यावर ती रेषा नेहमी उठावाची येते. रेषा खोल असेल, तर तो ओरखडा समजावा.

१८७८ च्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर गरुडाच्या शेपटीतली पिसे मोजावी लागतात. सुरुवातीच्या नाण्यांवर आठ पिसे होती, पुढे सात झाली, आणि मधल्या काळात आठ पिसांच्या काही ठशांवर सात पिसांचे चित्र पुन्हा दाबले गेले. या तिसऱ्या प्रकारात सात पिसांच्या टोकांखालून जुन्या पिसांची टोके डोकावतात. माझ्या पहिल्या १८७८ च्या नाण्यावर मी मोठ्या उत्साहाने आठ पिसे मोजली होती. दहा पटीच्या भिंगाखाली, दिव्याचा प्रकाश एका बाजूने तिरपा पाडून पाहिल्यावर त्यातले आठवे पीस म्हणजे दोन पिसांमधली मळाची रेघ निघाली. सात पिसांच्या नाण्यांतही दोन गट पडतात, कारण गरुडाच्या पायातील बाणांचे सर्वांत वरचे पीस एका गटात समांतर, तर दुसऱ्यात तिरके आहे. ते न पाहता केलेली ओळख अर्धवट राहते.

अनेक जण साल वाचून थांबतात आणि नाणे उलटून पाहतच नाहीत. टांकसाळीचे अक्षर मागच्या बाजूला, पुष्पचक्राच्या गाठीखाली असते: ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, ‘एस’ म्हणजे सान फ्रान्सिस्को, ‘सीसी’ म्हणजे कार्सन सिटी. १८८२ च्या काही न्यू ऑर्लिन्स नाण्यांवर ‘ओ’च्या आत ‘एस’चे अवशेष दिसतात. कार्सन सिटीची नाणेपाडणी १८९३ मध्ये थांबली आणि तिथले उरलेले ठसे न्यू ऑर्लिन्सने वापरले. त्यामुळे १९०० च्या काही नाण्यांवर ‘ओ’खाली ‘सीसी’ राहून गेले. हे अक्षर जितके मोलाचे, तितकीच त्यात लबाडी होते. सर्वसाधारण १८८९ च्या डॉलरवर ‘सीसी’ किंवा १८९३ च्या डॉलरवर ‘एस’ चिकटवलेला असू शकतो. सान फ्रान्सिस्कोचे चलनासाठीचे १८९३ चे सर्व डॉलर पुढच्या बाजूच्या एकाच ठशातून निघाले आणि त्यांच्यावर लिबर्टी या शब्दातील ‘टी’च्या माथ्यावर एक बारीक तिरकी उठावाची रेघ असते. ती नसेल, तर विक्रेता काहीही सांगो, नाणे बाजूला ठेवावे.

छापील यादीवर डोळे मिटून विसंबणे हीदेखील चूकच ठरते. अतिशय लहान ‘ओ’ असलेले १८९६, १९०० आणि १९०२ चे डॉलर अनेक वर्षे अस्सल प्रकार म्हणून नोंदले गेले होते. २००५ मध्ये ते बनावट असल्याचे निष्पन्न झाले. गंमत अशी की १८९९ चा लहान ‘ओ’ मात्र अस्सल आहे. शिवाय व्हॅम क्रमांक प्रत्येक साल व टांकसाळीसाठी नव्याने सुरू होतो, त्यामुळे नुसते ‘व्हॅम-४’ म्हणण्याला काहीच अर्थ नाही.

किंमत ठरवताना पाडलेल्या नाण्यांची संख्या हाच निकष मानू नये. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानात रुपये पाडण्यासाठी आली. कोणत्या सालाची किती नाणी त्यात गेली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. कार्सन सिटीचे १८८५ चे डॉलर फक्त २ लाख २८ हजार पाडले गेले, १८८९ चे साडेतीन लाख. तरीही १८८९ चा डॉलर कितीतरी महाग आहे, कारण सरकारी तिजोरीतून १९७० च्या दशकात जो साठा विकायला निघाला, त्यात १८८५ ची जवळजवळ दीड लाख नाणी होती आणि १८८९ चे केवळ एक.

वजन २६.७३ ग्रॅम आणि व्यास ३८.१ मिलिमीटर असावा. झिजेमुळे वजनात थोडी घट चालते, वाढ चालत नाही. लोहचुंबकाला चिकटणारे नाणे खोटे हे नक्की, पण न चिकटणारे खरे असे मात्र म्हणता येत नाही.

आपल्याकडे दिवाळीपूर्वी चांदीची भांडी रांगोळीने किंवा टूथपेस्टने उजळण्याची सवय आहे; ती नाण्यांवर चालवली, तर संग्राहकाची किंमत मोडीच्या भावाजवळ येऊन ठेपते. काळपटपणा हा नाण्याच्या पृष्ठभागाचाच भाग असतो, तो काढला की खालची मूळ झळाळी परत येत नाही. ‘हॉट लिप्स’ बहुधा झिजलेल्या अवस्थेतच सापडतो. न वापरलेला जवळजवळ मिळतच नाही. म्हणून त्या प्रकाराचे आपल्याकडचे झिजलेले नाणे उत्तम प्रतीच्या भावाशी ताडून पाहणे व्यर्थ आहे. विक्रेत्याने मागितलेली रक्कम बाजूला ठेवून त्याच प्रकाराला, त्याच प्रतीत, लिलावात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम शोधावी. प्लास्टिकच्या सीलबंद डबीतील नाण्याचा प्रमाणपत्र क्रमांक नाणे तपासून डबीत बंद करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासावा आणि तिथले छायाचित्र नाण्याशी ओरखडान्‌ओरखडा जुळवावे, कारण हल्ली डब्याही बनावट येतात.