एएमटी गाडीने उसाचा ट्रॅक्टर ओलांडताना
गाळप हंगामात माढा-करमाळ्याकडच्या दुपदरी रस्त्यांवर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असला, की एएमटीवाल्यांनी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचाच क्लच आणि गिअर यंत्रणा आपोआप चालवते अशा गाडीवाल्यांनी, जरा दमानं घ्यावं. ॲक्सिलरेटर एकदम दाबला तर गिअरबॉक्स आधी क्लच सोडवतो, खालचा गिअर टाकतो, मग ओढ देतो. तेवढा वेळ गाडी नुसती वाहत राहते, तीही समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये! म्हणून आपल्या लेनमध्ये असतानाच मॅन्युअल मोडवर एक गिअर खाली घ्या. इंजिनाचा आवाज चढला, ओढ जाणवली, मगच गाडी बाहेर काढा. दोन ट्रॉल्यांची लांबी हमखास कमी वाटते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (क्लचऐवजी तेलातून ओढ देणारी ऑटोमॅटिक) हा झोल कमी, पण टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असेल तर त्याचाही उशीर धरा. उशीर अचानक वाढला असेल तर गाडी गॅरेजला दाखवा.