जुना डीएसएलआर की छोटा मिररलेस?

इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरीत (रंगांच्या मिरवणुकीत) दिवसभर फोटो काढायचे असतील, तर मी मिररलेसपेक्षा (आत आरसा नसलेला कॅमेरा) जुना डीएसएलआरच (आत आरसा असलेला कॅमेरा) सुचवेन. निकॉन डी३५०० हा डीएसएलआर एका चार्जिंगवर सुमारे १५५० फोटो काढतो, मिररलेस कॅनन एम५० जेमतेम २३५. (रंग-पाण्यापासून दोन्ही नीट झाकायलाच हवेत.) सेन्सर (फोटो टिपणारी चिप) दोन्हींत एकाच एपीएस-सी आकाराचा, त्यामुळे दर्जात फार फरक नाही.

रात्री सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) मात्र मिररलेस सोयीचा: लहान आहे, शिवाय क्लिक करण्याआधीच व्ह्यूफाइंडरमध्ये उजेड-अंधार कसा येईल ते दिसतं.

जुना घेताना शटर काउंट (आतापर्यंत किती फोटो काढलेत तो आकडा) जरूर विचारा. डी३५०० च्या बॉडीत फोकस मोटर नाही; स्वस्त मिळाली म्हणून स्वतःची मोटर नसलेली एएफ-डी लेन्स घेऊ नका, ऑटोफोकस चालणार नाही. मोटर असलेली एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्सच घ्या.