दुसऱ्याचा कोड टाकू नका, कंट्रोल आपल्या हाताला बसवा

"भाऊ, त्या यूट्यूबवाल्याचा कोड टाकला, तरी माही गोळी लागतच नाई. काहून?"

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात एसटी स्टँडसमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर पीकविमा, सातबारा, झेरॉक्स. शाळा सुटली की पोट्टे येतात आणि हा प्रश्न घेऊन येतात. कोड म्हणजे दुसऱ्याची गेमची सेटिंग आपल्या फोनवर जशीच्या तशी उतरवायचा आकडा. उत्तर साधं आहे. ज्याचा कोड टाकला तो टॅबलेटवर खेळतो, तुम्ही साडेसहा इंची फोनवर. त्याची बोटं वेगळी, तुमची वेगळी. लेआउट, म्हणजे बटणांची मांडणी, उतरवता येतो, हात कसा उतरवणार? म्हणून कंट्रोल बसवायचे कसे, ते मी दुकानात ज्या क्रमानं सांगतो त्याच क्रमानं लिहितो. बीजीएमआय या गोळीबाराच्या मोबाईल गेमवर जास्त बोलेन, कारण आमच्याकडं तोच चालतो. २०२२ च्या जुलैत तो स्टोअरवरून गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आला, तेव्हा पोट्ट्यांनी पोळ्यासारखा आनंद केला होता.

आधी फोन, मग सेटिंग

निम्म्या तक्रारी गेमच्या नसतातच. चार्जिंगला लावून खेळताना बंदूक आपोआप आभाळाकडं फिरते, कोणी दाबलं नसताना बटण दाबलं जातं, आणि माणूस म्हणतो डिस्प्ले गेला. पिन काढून पाहा. पिन काढल्यावर टच सुधारला तर डिस्प्ले शाबूत आहे, दोष चार्जरचा आहे. हलका चार्जर आणि घरात धड अर्थिंग नाही, असं असलं की विजेतली गडबड थेट टचमध्ये उतरते. डिस्प्लेचे पैसे वाचवा, चांगला चार्जर घ्या. त्याहून बरं म्हणजे चार्जिंगला लावून खेळूच नका.

दुसरी गोष्ट, तीन बोटांचा स्क्रीनशॉट. बऱ्याच फोनमध्ये तीन बोटं एकदम खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो. तीन-चार बोटांनी खेळणाऱ्याचं हे मरण आहे. ऐन फाइटमध्ये गेम अडकतो, मग गॅलरी उघडली की तुमच्याच मरणाचे फोटो सापडतात. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करा. स्क्रीनच्या कडेवरून बोट ओढून मागं जायची सोय असेल तर तीही गेम मोडमधून अडवा.

आता बोटं. दिवाळीच्या पुढंमागं कापूस वेचणी जोरात असते. बोंडाच्या टोकांनी बोटं चिरतात, अंगठ्याची कातडी टणक होते. अशा कोरड्या, जाड कातडीला टचस्क्रीन नीट ओळखत नाही. एकाच्या फोनला "टच सुस्त झाला" म्हणून तो आला होता. मी माझा अंगठा फिरवला, टच एकदम बरोबर. त्याला म्हटलं, रात्री हाताला खोबरेल लाव आणि खेळायच्या आधी पुसून घे. उन्हाळ्यात याच्या उलट होतं. घामानं स्क्रीन ओली झाली की पाणी कोणतं आणि बोट कोणतं हे तिला कळत नाही. चिमूटभर टाल्कम पावडर चालते. बोटात घालायचे स्लीव्ह मिळतात, तेही चालतात, पण त्यात धातूचा धागा विणलेला पाहिजे. साध्या कापडाचे घालून उपयोग नाही.

आणि मे महिन्यात टिनाखाली, बाहेर ४५ अंश असताना दुपारी खेळून सेन्सिटिव्हिटीला, म्हणजे बोट हललं की नजर किती फिरते त्या आकड्याला, नावं ठेवू नका. फोन तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, फ्रेम पडतात म्हणजे चित्र अडकत चालतं, निशाणा उशिरा हलतो. कव्हर काढा, ब्राइटनेस उतरवा, संध्याकाळी खेळा.

बोटं किती लावायची

दोन अंगठ्यांनी खेळण्यात काही कमीपणा नाही. अडचण एवढीच की उजव्या अंगठ्यालाच नजर फिरवायची असते आणि गोळीही त्यालाच मारायची असते. तीन बोटांत डाव्या हाताची तर्जनी वरच्या फायर बटणावर जाते आणि उजवा अंगठा निशाण्यासाठी मोकळा होतो. चार बोटांत उजवी तर्जनी स्कोप (बंदुकीची दुर्बीण) किंवा उडी सांभाळते. माझं मत विचाराल तर तीन बोटं पुरे. चौथं बोट लहान फोनवर स्क्रीनच झाकतं, आणि समोरचा दिसला नाही तर चार बोटं काय कामाची?

बटणं कुठं ठेवायची यासाठी माझी एक युक्ती आहे. स्क्रीन कापडानं स्वच्छ पुसा. एक मॅच नेहमीसारखी खेळा. मग स्क्रीन बंद करा आणि फोन ट्यूबलाइटखाली तिरपा धरून पाहा. बोटांचे डाग दिसतील. उजव्या अंगठ्याचा एक लांब, वळलेला पट्टा असतो, डावीकडं जॉयस्टिकचा गोल धब्बा असतो, आणि फायर बटणाचा डाग बहुतेकांचा बटणाच्या खाली किंवा बाजूला सरकलेला असतो. म्हणजे बोट तिथं पडतंय आणि बटण दुसरीकडं आहे. दुसऱ्या फोननं त्या डागांचा फोटो काढा, मग कंट्रोलच्या कस्टमाइझमध्ये जाऊन बटणं डागांवर आणून ठेवा. हात बटणाकडं नेऊ नका, बटण हाताकडं आणा. ज्याला बोट वारंवार चुकतं ते बटण मोठं करा. जे कधीमधीच लागतं ते लहान आणि फिकट करा. गेममध्ये लेआउटसाठी एकाहून जास्त जागा असतात. जुना पहिल्या जागी तसाच राहू द्या, प्रयोग दुसऱ्या जागी करा.

सेन्सिटिव्हिटी

ट्रेनिंग ग्राउंडमध्ये जा. पहिल्यांदा स्कोप न लावता उजवा अंगठा एकदा आरामात ओढा. तेवढ्यात तुम्ही वळून बरोबर मागं पाहिलं पाहिजे. जास्त फिरलात तर आकडा उतरवा, कमी फिरलात तर चढवा. मग एम ४१६ बंदूक घ्या, रेड डॉट हा साधा स्कोप लावा आणि भिंतीवर अख्खी मॅगझीन सोडा. गोळी सुटत असताना अंगठा खाली ओढत राहा. भोकं वर चढत गेली तर एडीएसची, म्हणजे गोळी झाडतानाची, सेन्सिटिव्हिटी वाढवा, खाली गेली तर कमी करा. तेच पुढं तीन एक्स, चार एक्स स्कोपवर. एका वेळी एकच आकडा हलवा. चार आकडे एकदम हलवले तर सुधारणा कशानं झाली आणि बिघाड कशानं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आकडा ठरला की काही दिवस त्याला हात लावू नका. मेलो की सेटिंग बदलायची, ही आमच्या पोट्ट्यांची मोठी खोड आहे.

जायरो

फोन वाकवून निशाणा हलवणं म्हणजे जायरो. "थे तं चिटिंग हाय," असं मला रोज ऐकावं लागतं. चिटिंग कसली? गेमनंच दिलेली सोय आहे. निन्टेंडोच्या स्प्लाटूनमध्ये २०१५ पासून लोक असाच निशाणा लावतात.

आधी फोनमध्ये जायरोस्कोप आहे का पाहा. स्क्रीन आडवी-उभी फिरते म्हणजे जायरो आहे, असं नाही. ते काम अ‍ॅक्सेलरोमीटरवर भागतं, आणि कमी किमतीच्या अनेक फोनमध्ये तेवढंच असतं. असेल तर सुरुवात "स्कोप ऑन"नं करा, म्हणजे स्कोप उघडल्यावरच फोन वाकवण्याचा परिणाम होईल. "ऑलवेज ऑन" नंतर. गोळी झाडताना फोनचा वरचा भाग किंचित पुढं झुकवला की रिकॉइल, म्हणजे बंदुकीचा वर उसळणारा झटका, खाली दबतो. अंगठ्यानं ओढण्यापेक्षा हे बारीक काम मनगटाला छान जमतं. कोपर मांडीवर किंवा टेबलावर टेकवून बसा.

एसटीत बसून खेळत असाल तर जायरो बंद ठेवा. सेन्सर फिरणं मोजतो, मग ते तुमच्या हाताचं असो की गाडीचं. दिग्रसच्या रस्त्यावर लाल परीनं वळण घेतलं की तुमचा निशाणाही तिच्याबरोबर वळतो.

गेमपॅड घ्यायचा तर

गेमपॅड म्हणजे दोन्ही हातांत धरायचा बटणांचा कंट्रोलर. बीजीएमआयसाठी घेऊ नका. त्यात पॅड चालत नाही, आणि मॅपिंगचं अ‍ॅप घालून चालवलात तर अकाउंट बॅन व्हायची भीती असते. कॉल ऑफ ड्यूटी मोबाईलमध्ये चालतो, तिथं पॅडवाल्यांना पॅडवाल्यांशीच भिडवतात. माइनक्राफ्टमध्येही चालतो. फोनला ओटीजीनं, म्हणजे चार्जिंगच्या भोकात वायर लावून, जोडता येतो. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि वापर नसला की ते आपोआप बंद होतं. पॅड बिघडला म्हणून माझ्याकडं यायच्या आधी तेवढं पाहून घ्या.

पहिला पॅड वायरचाच घ्या. वायरलेस पाहिजेच असेल तर डोंगलवाला घ्या, ब्लूटूथमध्ये बटण दाबल्यावर जरा उशीर लागतो. कॉम्प्युटरवर लावून गेमला पॅड दिसतच नसेल तर तो बहुतेक एक्सइनपुट या नव्या पद्धतीऐवजी जुन्या डायरेक्टइनपुटवर असतो. मागं सरकवायचं बटण असतं, नाहीतर मधलं बटण काही सेकंद दाबून धरा.

विकत घेताना स्टिक, म्हणजे अंगठ्यानं फिरवायची दांडी, तपासा. विंडोजचं बटण आणि आर दाबून "जॉय डॉट सीपीएल" (joy.cpl) टाका. पॅडची खिडकी उघडते. स्टिक सोडली की अधिकचं चिन्ह मधोमध परत यायला पाहिजे. नव्या पॅडमध्येच ते थरथरत बाजूला बसत असेल तर घेऊ नका. साध्या स्टिकमध्ये आत घासणारा भाग असतो, तो झिजला की गेममधला माणूस स्वतःच चालायला लागतो. हॉल इफेक्ट स्टिक चुंबकावर चालते, आत काही घासत नाही, म्हणून जास्त टिकते. आमच्याकडच्या धुळीत मी तीच घ्यायला सांगतो. थोडी झिजलेली असेल तर गेममध्ये किंवा स्टीममध्ये (कॉम्प्युटरवर गेम घ्यायचं आणि चालवायचं अ‍ॅप) डेड झोन वाढवा. डेड झोन म्हणजे जुन्या ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगचा प्ले समजा: तेवढं हललं तरी चाक वळत नाही. जास्त वाढवलात तर बारीक हालचाल मरते.

कोणत्या गेमला काय, याची आमच्यात नेहमी वादावादी होते. माझा कृषी केंद्रवाला मित्र कीबोर्डचा कट्टर. मी पॅडवाला. निशाण्याच्या गेमला माउस, हे मीही मान्य करतो. फुटबॉल, गाड्या, एल्डन रिंगसारखे तलवारीचे गेम पॅडवर. जीटीए सहाची ज्यांना घाई झाली आहे त्यांनीही पॅडची सवय करा, कारण तो जाहीर झाला आहे तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी.

खरं भांडण झालं ते सिल्कसाँगवरून. हॉलो नाइट या उड्या आणि वारांच्या गेमचा हा पुढचा भाग ४ सप्टेंबर २०२५ ला आला. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवरही तो सुरळीत चालतो. पहिल्या भागात हवेत खाली वार केला की तो सरळ खाली जायचा. यात हॉर्नेट, म्हणजे आपण खेळतो ती नायिका, सुरुवातीला तिरपी खाली झेपावते, त्यामुळं शत्रूवर आपटून वर उसळायचं तर थोडं अलीकडून उडी घ्यावी लागते. अशा वेळी स्टिक दगा देते. तुम्हाला वाटतं अंगठा खाली आहे, तो असतो तिरपा, आणि खालच्या वाराऐवजी पुढचा वार निघून तुम्ही काट्यांत पडता. मित्र म्हणाला, "म्हणून तं कीबोर्ड घे म्हणतो, बाणाचं बटण खोटं बोलत नाई." बरोबर आहे त्याचं. पण त्यासाठी पॅड फेकायची गरज नाही, स्टिकच्या शेजारचा अधिकच्या आकाराचा डी-पॅड वापरा. निन्टेंडोच्या गुनपेई योकोईनं १९८२ साली हातात धरायच्या डाँकी काँग गेमसाठी हा आकार काढला. टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवर आपण लहानपणी हाच दाबत होतो. खाली म्हणजे खाली, मधलं काही नाही. तिरप्या वाराची सवय होतच नसेल तर पुढं वाँडरर क्रेस्ट ही वाराची पद्धत बदलणारी वस्तू मिळते, तिच्यात वार पुन्हा सरळ खाली जातो.

कीबोर्डवाल्यांसाठी थोडक्यात. शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीजची खिडकी येते, ती कायमची बंद करा. माउसच्या सेटिंगमधलं "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" काढा, त्यामुळं हात सारखाच हलवला तरी बाण कमीजास्त पळतो. एका कीबोर्डवर दोघं फायटिंग खेळत असाल आणि एकाचा वार लागतच नसेल तर तो रडतोय असं समजू नका. साध्या कीबोर्डला बरीच बटणं एकदम दाबलेली कळत नाहीत. नोटपॅड उघडून दोघांची बटणं एकदम दाबून पाहा, कोणती अक्षरं उमटत नाहीत ते दिसेल, तेवढी बदला.

लाइन गेली की कॉम्प्युटर बंद, आणि आमच्याकडं लाइन जातेच. अशा वेळी फोनवर नेट न लागणारा, एका बोटाचा गेम ठेवा राजेहो. बालाट्रो पत्त्यांचा आहे, विकत घ्यावा लागतो. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स फोनवर फुकट आहे, त्यात फक्त चालायचं असतं, मारणं आपोआप होतं.

घरात पॅड एकच आणि खेळणारे दोन असतील तर स्टीममध्ये प्रत्येकाची सेटिंग वेगळ्या नावानं ठेवा. माझी भाची वाय उलटा करून खेळते, स्टिक खाली ओढली की नजर वर, विमानासारखी. तिच्यानंतर मी पॅड घेतला की पहिली दोन मिनिटं मी नुसता आभाळ पाहतो. तिला बदलायला सांगून पाहिलं. "मामा, तुमीच उलटे हा," म्हणाली.