बालवाडीच्या खेळण्यांसाठी आधी घरात बघा

सोलापुरातल्या बालवाडीत प्लास्टिकचा पिझ्झा-बर्गरचा सेट दिसला की मला हसू येतं. पोरं त्याच्याशी दोन मिनिटं खेळतात. त्याऐवजी छोटी परात, पोळपाट आणि ज्वारीच्या पिठाचा गोळा द्या, थापताना हात थांबत नाहीत. मग विचारा, "घरी भाकरीला काय म्हणता?" कुणी रोट्टी म्हणेल, कुणी रोट्टे. कन्नड, तेलुगू घरातली गप्प बसणारी मुलं इथंच बोलू लागतात.

जुनी सोलापुरी चादर तर फेकूच नका. वीतभर चौकोन कापून कडा शिवून घ्या. दोन्ही बाजूंना नक्षी तीच, रंग मात्र अदलाबदल झालेले. जोड्या लावायला याहून चांगलं काय! पालकांपैकी कुणी मागावर असेल तर सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या मागून आणा, धुऊन मोजायला ठेवा. मागावर आडवा धागा नेणारा धोटा मात्र नको, त्याची टोकं लोखंडी आणि अणकुचीदार असतात.

चिंचोके, सागरगोटे मोठ्या वयाच्या गटालाच. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती सव्वा इंचाहून लहान वस्तू देऊ नका, घशात अडकते. आणि संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत चक्कर मारा. लाकडी खेळणं दिसलं तर ओल्या फडक्यानं घासून बघा, रंग निघाला तर घेऊ नका.