सपाट छपरावर रबर घातलंय? थंड प्रदेशात या चुका टाळा

हिवाळ्यात छताला ओल दिसली की पहिला आळ रबरावर येतो. ‘थंडीने तडकलं असणार’ असं म्हणून माणसं मोकळी होतात. पण सपाट छपरांवर घालतात ते ईपीडीएम रबर उणे ४० अंश सेल्सिअसलाही लवचिक असतं. बर्फाळ भागांत ते चालतं ते त्यामुळेच. थंडीत दगा देतात ते सांधे, कडा आणि रबराखालचे थर. त्यामुळे शिडी लावून भोक शोधायला वर चढण्याआधी खाली उभं राहून एक गोष्ट नोंदवा: पाणी नेमकं कधी टपकतं?

पाऊस सुरू झाल्यावर थोड्याच वेळात टपकत असेल तर सांधा उघडलाय, शीटला छेद गेलाय किंवा पाइपाभोवतीचं फ्लॅशिंग (कडेला पाणी अडवणारी पट्टी) सुटलंय. वर बर्फ साचलेला असताना दुपारच्या उन्हात टपकत असेल, तर वितळलेलं पाणी गोठलेल्या कडेमागे किंवा तुंबलेल्या ड्रेनभोवती साचून फ्लॅशिंगच्या वर चढतंय. आणि आठवडाभर कोरडी, कडक थंडी असताना, पाऊस नाही, नवा बर्फ नाही, तरी एखाद्या उबदार दिवशी थेंब पडायला लागले, तर बहुधा ती गळतीच नाही. या तिसऱ्या प्रकारात लोक वर्षानुवर्षं वरून ठिगळं लावत बसतात.

वरून नव्हे, खालून आलेलं पाणी

घरातली हवा उबदार आणि दमट असते. न्हाणीघर, स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे, सगळ्यांची वाफ तिच्यात असते. दिव्यांच्या खाचा, वायरींची भोकं, पाइपांभोवतीच्या फटी यांतून ती वर सरकते आणि गार रबराच्या पोटाला जाऊन भिडते. रबरातून वाफ बाहेर पडत नाही. मग तिथेच दव जमतं, गोठतं, आणि हिवाळाभर थरावर थर चढत राहतो. ऊन तापलं की सगळं एकदम सुटतं.

खात्री करायची तर कोरड्या दिवशी संशयित जागी शीटला छोटा छेद देऊन आत पाहा (नंतर नीट ठिगळ लावायची तयारी ठेवूनच). इन्सुलेशनच्या (रबराखालच्या उष्णतारोधक थराच्या) पाट्याची वरची बाजू ओली किंवा हिमाने पांढरी, स्क्रूंना गंज, डेकवर (इन्सुलेशन ज्यावर बसतं त्या छपराच्या पायावर) काळपट डाग, आणि आजूबाजूचे सांधे मात्र ठणठणीत, असं चित्र दिसलं तर दोष खालच्या हवेचा आहे.

उपायही खालीच करायचा. बाष्परोधक थर इन्सुलेशनच्या उबदार बाजूला, म्हणजे खोलीकडे हवा. तो घातला तरी त्यातली भोकं टेपने बंद केली नाहीत तर फारसा उपयोग नाही, कारण पाटे आणि बाष्परोधक थर यांच्यातून झिरपणाऱ्या वाफेपेक्षा फटींतून वाहणारी हवा कितीतरी जास्त पाणी वर नेते. न्हाणीघराचा पंखा छताच्या पोकळीत सोडलेला असेल तर आधी तो थेट बाहेर काढा. इन्सुलेशन एकाच जाड थरात न घालता दोन थरांत घाला आणि वरच्या पाट्यांचे सांधे खालच्यांवर येऊ देऊ नका. पॉलिआयसो (फोमचे कडक इन्सुलेशन पाटे) वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: त्याची उष्णतारोधकता कडक थंडीत घटते आणि लेबलवरचा आकडा साधारणपणे २४ अंशांना मोजलेला असतो. थंड प्रदेशात त्या आकड्यावर हिशेब बेतला की छप्पर कमीच पडतं.

नव्या इमारतीत पहिल्या हिवाळ्यात असं टपकलं तर लगेच घाबरू नका. काँक्रीट आणि प्लॅस्टर वाळताना भरपूर पाणी सोडतात, त्यात बांधकामाच्या वेळी गॅसचे हीटर लावले असतील तर त्यांची वाफ वेगळी. घर हवेशीर ठेवा, पण एवढं म्हणून हात झटकू नका. फटी बुजवायच्याच आहेत.

पांढरं रबर घ्यावं का, असं हमखास विचारलं जातं. थंड प्रदेशात माझं मत काळ्याच्या बाजूने. काळं उन्हात तापतं, बर्फ लवकर सोडतं आणि खाली अडकलेली ओल वाळायला मदत करतं. पांढरं गार राहतं, आणि खालचं काम कच्चं असेल तर ओल तशीच मुरते.

गोंद थंडीत लावायची घाई

सॉल्व्हंटचा गोंद दोन्ही पृष्ठभागांवर लावून थोडा सुकू द्यायचा असतो. उन्हाळ्यात काही मिनिटांत होणारं हे काम थंडीत बराच वेळ घेतं, आणि धीर सुटतो तो इथेच. बोट टेकवून किंचित सरकवून पाहा: चिकट लागलं पण बोटाला तार आली नाही तर गोंद तयार. तार येत असताना शीट टेकवली तर सॉल्व्हंट आत कोंडतो आणि पुढे फुगे येतात.

दुसरा धोका लक्षात यायला उशीर लागतो. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग आणखी गार होतो आणि हवेत ओलावा असेल तर गोंदावर दव बसतं. गोंद निस्तेज, दुधी दिसायला लागला तर त्यावर शीट चिकटवू नका. पुसून, कोरडं होऊ देऊन पुन्हा गोंद लावा. बऱ्याच गोंदांना किमान ५ अंश तापमान लागतं. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. डबे रात्री उबदार खोलीत ठेवा, छपरावर सोडू नका. पाण्यावर आधारित गोंद एकदा गोठला की वितळूनही उपयोगाचा राहत नाही.

गरम करायला ज्योत तर कधीच वापरू नका. सॉल्व्हंट पेटतो, आणि ईपीडीएम व्हल्कनाइज केलेलं (कारखान्यातच कायमचं पक्कं केलेलं) असल्यामुळे वितळून जोडलं जातच नाही. हीट गनने सांधा कोमट करणं ठीक, तेही प्रायमर पूर्ण सुकल्यावरच.

सांध्यातली केसाएवढी वाट

सांधा म्हणजे स्वच्छ पुसणं, प्रायमर, टेप आणि रोलर. यातलं कुठलंही एक गाळलं की सांधा वाया. शीटवर कारखान्यातून आलेली भुकटी असते. ती राहिली तर टेप रबराला न चिकटता भुकटीला चिकटते. टेप दाबाने धरते, तळहाताने थापटून भागत नाही. छोटा रोलर आधी सांध्याला आडवा फिरवा, मग लांबीने.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायची जागा म्हणजे तीन शीट एकमेकांवर येतात तो कोपरा. तिथे शीटच्या जाडीएवढी पायरी तयार होते. रोलर ती पायरी उडी मारून ओलांडतो आणि पायरीच्या कुशीत बारीक बोगदा राहतो. पाणी त्यात ओढलं जातं, गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि चिकटलेली बाजू थोडी थोडी सोलत नेतं. अरुंद रोलरने पायरीच्या कडेला दाब द्या आणि वर वेगळं ठिगळ लावा. हे ठिगळ ‘नंतर बघू’ म्हणून सोडायचं नाही.

शीट उलगडली की निदान अर्धा तास नुसती पडू द्या, थंडीत त्याहून जास्त. गुंडाळीतला ताण तसाच ठेवून चिकटवली तर ती पुढे आखडते. हा ताण कठड्याच्या पायथ्याशी दिसतो: रबर कोपऱ्यात बसलेलं नसतं, भिंत आणि छपराच्या मधे तंबूसारखं ताणून उभं राहतं आणि एखाद्याचा बूट पडला की फाटतं. पायथ्याशी पट्टीने पक्कं न अडकवल्याचा हा परिणाम. दुरुस्तीसाठी तिथे फोम भरू नका. शीट कापून सैल होऊ द्या, कोपऱ्यात अडकवा आणि वरून नवी पट्टी चढवा.

डांबर नको, सिलिकॉनही नको

डांबर आणि पेट्रोलियमच्या वस्तूंनी ईपीडीएम फुगतं, मऊ पडतं. स्वयंपाकाच्या धुराड्यातून पडणारं तेलही तेच करतं. सिलिकॉन रबराला नीट धरत नाही आणि त्याचा थर राहिला की पुढचं खरं ठिगळही बसत नाही. शीट ओली आणि गोठलेली असेल तर जागेवर खूण करा, बर्फ दूर ठेवा आणि कोरडा दिवस बघून काम करा. ठिगळाचे कोपरे गोल कापा, म्हणजे ते सोलून निघत नाहीत, आणि छेदाच्या चारही बाजूंना निदान ७.५ सेंटिमीटर पुढे जाऊ द्या.

पाणी आणि बर्फ यांचा निचरा

छप्पर ‘सपाट’ म्हणत असलो तरी मीटरमागे २ सेंटिमीटर उतार हवाच. पाऊस किंवा बर्फवितळ थांबून ४८ तास उलटले तरी डबकं तसंच असेल तर उतार चुकलाय. ड्रेनचा पाइप इमारतीच्या आतून गेला तर घराच्या उबेने तो सहसा गोठत नाही. कठड्याला पाडलेली तोंडं आणि बाहेरचे पन्हाळे मात्र आधी गोठतात. हिवाळ्याआधी ड्रेनच्या जाळीतली पानं काढायला फार वेळ लागत नाही.

बर्फ काढायचा की नाही, हे वजनावर ठरवा. ओला, दबलेला बर्फ घनमीटरला ३०० किलोच्याही वर जातो, म्हणजे अर्धा मीटर थराचं दर चौरस मीटरला दीडशे किलो. रबर दगडगोट्यांनी दाबून ठेवलेलं असेल तर चौरस मीटरमागे साधारण ५० किलो आधीच बसलेले असतात. एकाच बाजूचा सगळा बर्फ उपसून दुसरी बाजू भरलेली ठेवू नका, भार असमान होतो. फावडं प्लॅस्टिकचं घ्या, तळाला ५ सेंटिमीटर बर्फ राहू द्या, आणि चिकटलेला बर्फ कुदळीने फोडायचा मोह आवरा. शीट फक्त दीड-दोन मिलिमीटर जाड असते आणि बर्फाखाली कुदळ कुठे लागली ते दिसत नाही.