बॅटरी त्या रात्री उतरत नाही: कॅम्परव्हॅनमधल्या या चुका टाळा

कॅम्परव्हॅनची बॅटरी सकाळी उतरलेली सापडली की आदल्या रात्रीची चौकशी सुरू होते. लाइट कोणी चालू ठेवला, पंखा कोणी लावला, लॅपटॉप चार्जिंगला कोणाचा होता. पण एका लाइटने धडधाकट बॅटरी बसत नाही. ३ वॅटचा एलईडी दिवा १० तास जळला तरी १२ व्होल्टवर जेमतेम २.५ अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर घेतला की एक; पुढे नुसतं एएच म्हणू) वीज जाते. खरी गडबड बहुधा दोन-तीन दिवस आधीच सुरू झालेली असते. रोज जेवढी वीज काढली तेवढी परत भरली गेली नाही, आणि ते कळलं शेवटच्या पहाटे.

जमा-खर्च न मांडता मुक्काम ठोकणं

एकाच जागी तीन दिवस थांबायचं आहे असं धरा. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॅट, म्हणजे पावणेचार अँपिअर घेतो. उकाड्यात तो निम्मा वेळ चालला तर २४ तासांत ४५ एएच गेले. दिव्यांना ५, छतावरचा पंखा रात्रभर कमी वेगात चालवला तर ८, फोन आणि लॅपटॉप मिळून ९, पाण्याच्या पंपाला १. बेरीज ६८.

आता जमेची बाजू. टपावर १०० वॅटचं सोलर पॅनल आहे. ते सपाट बसवलेलं असतं, उन्हात तापतं, आणि तापलेलं पॅनल वीज कमी देतं. चांगलं ऊन मिळूनही दिवसाला ३० एएचच्या आसपास हाती लागतात. रोजचा तोटा ३८. पूर्ण भरलेली १०० एएचची बॅटरी पहिल्या दिवसाच्या शेवटी ६२ वर, दुसऱ्या दिवसाच्या शेवटी २४ वर, आणि तिसऱ्या रात्री फ्रिज बंद. पहिले दोन दिवस सगळं सुरळीत चालू असतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

बॅटरी लेड-ॲसिड असेल, मग ती साधी पाण्याची असो, जेल असो की एजीएम (काचतंतूंच्या चटईत ॲसिड शोषून ठेवलेली), तर हिशोब आणखी कडक धरा. ती वारंवार निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे १०० एएच लिहिलेल्या बॅटरीतले ५० एएचच तुमचे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत ८० ते ९० टक्के वीज निर्धास्त वापरता येते.

अशा वेळी बरेच जण दुसरी बॅटरी जोडून मोकळे होतात. तोटा तसाच राहतो, तो कळायला एक-दोन दिवस उशीर होतो इतकंच. शिवाय जुन्या बॅटरीला नवी समांतर जोडली तर जुनी नवीलाही मागे खेचते. माझं ठाम मत असं की पैसे खर्च करायचेच असतील तर आधी शंटवाला बॅटरी मॉनिटर बसवा. मायनसच्या तारेवर बसलेला शंट आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो. दोन दिवस तो आकडा पाहिला की कुठे हात आवरायचा ते आपोआप समजतं.

मीटर १२ व्होल्ट दाखवतोय म्हणून निश्चिंत राहणं

१२ व्होल्टची बॅटरी १२ व्होल्ट दाखवते तेव्हा ती भरलेली नसते, संपत आलेली असते. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.७ च्या आसपास असते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. एजीएममध्ये हे आकडे थोडे वरचे असतात.

आणि हे आकडे बॅटरी निवांत असतानाचे आहेत. गाडी चालवून आल्या आल्या मीटर १३ दाखवतो आणि आपण खूश होतो. तो नुकत्याच झालेल्या चार्जिंगचा वरवरचा व्होल्टेज असतो आणि दोन-तीन तासांत उतरतो. उलट फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना मोजलं तर आकडा उगाच कमी दिसतो. मोजायची उत्तम वेळ पहाटेची. पॅनलवर ऊन आलेलं नाही, रात्रभर चार्जिंग झालेलं नाही. फ्रिज काही वेळ बंद करायचा, बाकी काही लावायचं नाही, आणि मल्टिमीटरच्या पिना थेट बॅटरीच्या टर्मिनलवर टेकवायच्या, भिंतीवरच्या पॅनलच्या आकड्यावर जायचं नाही. सलग दोन पहाटा १२.५ आणि १२.३ आले, तर तिसऱ्या पहाटे काय येणार ते तुम्हाला आजच माहीत असतं. तेवढं कळलं की एक संध्याकाळ फ्रिज कमी थंडीवर ठेवून किंवा गाडी हलवून निभावता येतं.

लिथियमच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. ती बराच काळ १३.२-१३.३ वर स्थिर राहते आणि शेवटी एकदम कोसळते. तिथे शंटला पर्याय नाही.

फ्रिजचा स्विच

एकाच रात्रीत बॅटरी रिकामी करणारी एक चूक मात्र आहे. गॅस, १२ व्होल्ट आणि मेनची वीज अशा तिन्हींवर चालणारा ॲबसॉर्प्शन फ्रिज १२ व्होल्टवर साधारण १० अँपिअर ओढतो आणि सतत ओढतो, कारण त्यात नुसतं हीटिंग एलिमेंट तापत असतं. आठ तासांत ८० एएच. त्याचं १२ व्होल्टचं बटण गाडी धावत असतानासाठी आहे. थांबल्यावर गॅसवर किंवा मेनवर नेलंच पाहिजे, आणि गाडी सपाट जागेवर उभी केली पाहिजे, नाहीतर गॅसवरही तो नीट थंड होत नाही.

कॉम्प्रेसर फ्रिजची चूक वेगळी. कोमट बाटल्या आणि गरम जेवण भरून मुक्कामाची सुरुवात केली की तो पहिले काही तास थांबतच नाही. निघण्याआधी मेनच्या विजेवर तो रिकामा असतानाच थंड करून घ्या, सामानही थंड भरा, आणि मागची हवा खेळायची जाळी कपड्यांच्या पिशव्यांनी बुजवू नका. या तीन गोष्टींनी जेवढी वीज वाचते तेवढी सगळे दिवे बंद ठेवूनही वाचत नाही.

इंजिनच्या बॅटरीवर संसार

गाडी स्टार्ट करणारी बॅटरी आणि आत राहण्यासाठीची बॅटरी बाहेरून सारख्या दिसतात. इंजिनच्या बॅटरीत पातळ आणि जास्त प्लेटा असतात, कारण सेल्फ मारताना तिला दोन-चार सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे असतात. आतल्या, म्हणजे डीप-सायकल बॅटरीच्या प्लेटा जाड असतात, त्या तासन् तास थोडा थोडा करंट देतात. इंजिनची बॅटरी मोजक्या वेळा पूर्ण उतरली तरी तिची ताकद कायमची कमी होते. म्हणून फ्रिज, दिवे, पंखा यांपैकी काहीही तिच्यावर नको.

वेगळी बॅटरी असूनही सेल्फ लागत नाही, असं बऱ्याचदा होतं. कारण डॅशबोर्डवरचा म्युझिक सिस्टिम, तिथली चार्जिंगची सॉकेटं आणि केबिनचे दिवे मूळ बॅटरीवरच असतात. सरकतं दार दिवसभर उघडं ठेवलं की नव्या गाड्यांतले कंट्रोल युनिट झोपत नाहीत आणि करंट खात राहतात. बटण स्टार्टच्या गाडीत किल्ली उशाशी ठेवली तरी काही मॉडेलांत तेच होतं. पार्क केल्यावर कुठलं सॉकेट कुठल्या बॅटरीवर आहे ते एकदा शोधून स्टिकर लावून टाका.

दोन्ही बॅटऱ्या एकदम उतरत असतील तर त्यांना जोडणारा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, तपासा. इंजिन बंद करून काही तासांनी दोन्ही मोजा, मग आत मोठा लोड लावा. दोन्हींचा व्होल्टेज बरोबरीने खाली आला, तर रिले चिकटलेला आहे.

इंजिन अर्धा तास चालवलं की झालं, हा समज

लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत बऱ्यापैकी लवकर भरते. उरलेले २० टक्के भरायला तिला काही तास लागतात, कारण जसजशी ती भरते तसतसा ती कमी करंट घेते. चार्जर कितीही मोठा आणा, ही चाल बदलत नाही. उभ्या गाडीचं इंजिन अर्धा तास चालवून बॅटरी भरत नाही, डिझेल जळतं, आणि बंदिस्त किंवा कोंदट जागेत कार्बन मोनॉक्साइडने जीवही जाऊ शकतो.

लांबचा प्रवास करूनही आतली बॅटरी रिकामीच राहत असेल तर गाडीत स्मार्ट अल्टरनेटर (अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) आहे का ते पाहा. इंधन वाचवायला तो मधेच व्होल्टेज १२.५ च्या आसपास उतरवतो. साध्या व्होल्टेज-रिलेला वाटतं इंजिन बंद झालं, आणि तो जोडणी तोडतो. अशा गाडीत डीसी-टू-डीसी चार्जरच लागतो, म्हणजे अल्टरनेटरची वीज आतल्या बॅटरीला हव्या त्या व्होल्टेजवर देणारा. लिथियम बसवली असेल तर तो हवाच, नाहीतर ती अल्टरनेटरकडून त्याच्या क्षमतेबाहेर करंट ओढते. चार्जरची सेटिंग बॅटरीच्या जातीप्रमाणे निवडलेली आहे ना, हेही पाहून घ्या.

सावलीतलं पॅनल

उन्हाळ्यात आपण झाडाखाली जागा शोधतो, ते बरोबरच आहे. पण पॅनलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. एका फांदीची सावली काही सेलवर पडली तरी पॅनलच्या मोठ्या भागाची वीज जाते. लांब वायरचं, हाताने हलवता येणारं पॅनल अशा वेळी उपयोगी: गाडी सावलीत, पॅनल उन्हात. हिवाळ्यात मात्र दिवस लहान, सूर्य खाली. सोलरवर विसंबून थांबायचे दिवस ते नव्हेत.

इन्व्हर्टर, हीटर आणि बारीक तारा

१००० वॅटची किटली इन्व्हर्टरवर लावली की बॅटरीतून ९० अँपिअरच्या पुढे करंट जातो. एक लिटर पाण्याला एकूण साधारण १० एएच खर्च येतो. पण त्या काही मिनिटांत लहान लेड-ॲसिड बॅटरीचा व्होल्टेज इतका खाली बसतो की इन्व्हर्टर ओरडून बंद पडतो, आणि आपण म्हणतो बॅटरी संपली. पाणी गॅसवर तापवा. इन्व्हर्टर काम झालं की त्याच्याच बटणाने बंद करा. नुसता चालू ठेवला तरी मोठा इन्व्हर्टर अँपिअर-दीड अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला २४ ते ३६ एएच. फोनसाठी तर इन्व्हर्टर लावूच नका, १२ व्होल्टच्या यूएसबी सॉकेटवर तो कमी नुकसानीत चार्ज होतो.

डिझेल हीटर एरवी कमी खातो, पण सुरू होताना त्याचा ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) काही मिनिटं ८ ते १० अँपिअर घेतो. पहाटे पाचला नेमकं तेच अडतं. निवांत बॅटरी १२.१ दाखवत असते, हीटर लावला की ११ च्या घरात येते, पंखा दोनदा घरघरतो आणि पडद्यावर एरर येतो. हीटर बिघडलाय असं समजून लोक तो खोलायला घेतात. आधी हीटरच्या जोडावर, सुरू होतानाचा व्होल्टेज मोजा. तिथे कमी आणि बॅटरीच्या टर्मिनलवर ठीक असेल, तर दोष तारेत आहे: तार बारीक, क्रिंप (तारेच्या टोकाचा दाबून बसवलेला जोड) सैल, किंवा अर्थिंगचा बोल्ट गंजलेला. फ्रिज वेळेआधी बंद पडण्याचंही हे नेहमीचं कारण आहे. आणि हीटरची मुख्य वीज कधी झटक्यात तोडू नका, त्याला थंड व्हायला काही मिनिटं लागतात.

थंडीत लेड-ॲसिडची क्षमताही घटते, शून्य अंशाला साधारण पाचवा हिस्सा जातो. लिथियम तर शून्याखाली चार्ज करायचीच नाही. धातूरूप लिथियम प्लेटांवर जमून बॅटरी कायमची खराब होते.

उतरलीच तर

आधी कुठली उतरली ते ठरवा. इंजिन सुरू होतंय पण आत अंधार असेल, तर आतली बॅटरी किंवा तिचा फ्यूज. किल्ली फिरवल्यावर टक-टक-टक असा भराभर आवाज येऊन दिवे मंद झाले, तर इंजिनची बॅटरी. एकच ठाम टक् आणि दिवे तसेच प्रखर असतील, तर सेल्फकडे पाहा. आणि टर्मिनल हाताने हलतंय का ते सर्वांत आधी बघा, कारण सैल टर्मिनल अगदी उतरलेल्या बॅटरीसारखंच वागतं.

काही गाड्यांत आतल्या बॅटरीची मदत घेऊन स्टार्ट करायचं बटण असतं. ते नसेल तर जंप स्टार्ट. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून शेवटची ठिणगी तिच्याजवळ नको. बॅटरी फुगलेली, गळकी किंवा गोठलेली असेल तर केबल लावूच नका.

लिथियम बॅटरी ० व्होल्ट दाखवत असेल तर ती मेली असं समजू नका. आतल्या बीएमएसने (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने) तिला वाचवायला तोडलेलं असतं. सगळा लोड काढून लिथियमला चालणारा चार्जर लावला की बहुतेक वेळा ती जागी होते.

लेड-ॲसिड मात्र उतरलेल्या अवस्थेत ठेवू नका. प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि क्षमता परत येत नाही. त्याच दिवशी मेनच्या चार्जरवर रात्रभर लावा, पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. चार्जरवरून काढून काही तास निवांत ठेवल्यावर १२.६ च्या वर राहिली पाहिजे. काहीही न लावता दोन दिवसांत पुन्हा खाली आली, तर मल्टिमीटर अँपिअरवर लावून बंद गाडीचा करंट मोजा. ५० मिलीअँपिअरपेक्षा बराच जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत चोर शोधा. करंट नेहमीसारखा निघाला, तर बॅटरी लोड टेस्टला न्या.